आमच्याकडून ओके

माझ्या आत्याचं नाव मायाक्का. कारखान्यात रुजू झाली त्या दिवशी मालक सोमशेखर म्हणाले, "माया मॅडम म्हटलं तर चालेल ना?" आत्या म्हणाली, "न्हाय चालणार." अर्ध्या नावानं हाक मारली तर मान वळत नाही, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून मालक "मायाक्का मॅडम" असं पूर्ण नाव घेतात आणि घेताना मधे एक श्वास टाकतात, घाटात गाडीचा गिअर बदलावा तसा.

कमलम्मांची पंचाईत वेगळी. त्या कारखान्यात डिझाईन काढतात. घरची भाषा तेलुगू, आणि तेलुगूत अक्का म्हणजे थोरली बहीण. "अय्यो! माझी नातवंडं कॉलेजात जातात, आणि मी ह्या पोरीला अक्का म्हणू?" म्हणून त्या तिला "ए पोरी" म्हणतात. ह्या हाकेला मात्र आत्याची मान लगेच वळते. का, ते विचारलं तर म्हणते, "त्यांनी नाव कापलं न्हाय, घेतलंच न्हाय. त्यात फरक हाय."

आत्या अशीच बोलते. घरी 'हाय-न्हाय', ऑफिसात 'आहे-नाही', आणि राग आला की ऑफिसातही 'हाय-न्हाय'. त्यामुळे ती फोनवर कुणावर चिडली आहे हे शेजारच्या खोलीत बसूनही कळतं.

तिचं लहानपण सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांमागं गेलं. माझे आजोबा कुंडलिक कळप घेऊन चाऱ्यासाठी लांब लांब जायचे आणि ही मेंढरांच्या जाळीला टेकून पुस्तक वाचायची. दहावीनंतर सोलापुरात आली, संगणकाचा डिप्लोमा केला. पहिली नोकरी दुकानांमध्ये कॅमेरे बसवायची. शिडी आणली की प्रत्येक दुकानदार विचारायचा, "मॅडम, वर तुम्ही चढणार?" ही उलट विचारायची, "खाली धरायला तुम्ही उभे राहणार का?" दुकानदार मुकाट्यानं शिडी धरायचा. मग ती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ह्या चादरींच्या कारखान्यात लागली. मी अकरावीपासून तिच्याकडे राहते. पुढची हकीकत मी तिच्याकडून, कमलम्मांकडून आणि शेडमधल्या श्रीमंतमामांकडून वेगवेगळी ऐकली आहे. शिव्या तेवढ्या प्रत्येकाच्या निराळ्या आहेत, बाकी सगळं जुळतं.

कारखान्यात काम कसं चालतं ते आधी सांगते. चादरीवर फूल उमटायचं तर मागावरच्या प्रत्येक उभ्या धाग्याला दर ओळीला हुकूम लागतो: वर हो, नाहीतर खाली राहा. पूर्वी हे हुकूम जाड पुठ्ठ्यांना भोकं पाडून द्यायचे. आता पुठ्ठे गेले. कमलम्मा संगणकावर चित्र काढतात, त्याचे हुकूम तयार होतात आणि वरच्या ऑफिसातल्या एका काळ्या पेटीत साठतात. त्या पेटीचं कंपनीनं दिलेलं नाव लांब आहे आणि कुणाला पाठ नाही. कारखान्यात तिला 'डबा' म्हणतात. खाली शेडमध्ये एक संगणक आहे. तो डब्यातलं डिझाईन वायरीवरून मागवतो आणि मागांना वाटतो. डबा आणि शेडचा संगणक यांच्या मधे, शेडच्या भिंतीवर, लुकलुकत्या दिव्यांची एक चपटी पेटी. ती म्हणजे वायरींचा चौक. इकडून आलेलं घ्यायचं, तिकडं द्यायचं. तिचं नाव 'दिवेवाली'.

डबा, दिवेवाली आणि मधल्या सगळ्या वायरी ही आत्याची जबाबदारी.

दसरा झाला आणि चादरी बिघडायला लागल्या. डिझाईन डाळिंबाचं होतं. कमलम्मांनी डाळिंब मोठं झोकात काढलं होतं: डोक्यावर बारीक मुकुट, शेजारी एक लांब निमुळतं पान. चादरीमागून चादर छान निघायची आणि मधेच एखादीत डाळिंबाच्या डोक्यावर पानाचं टोक यायचं आणि पानाच्या टोकाला डाळिंबाचा मुकुट. लग्नाच्या पंगतीतून उठताना दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांच्या टोप्या घालाव्यात तसं. धागा तुटलेला नाही, भोक नाही, गाठ नाही. वीण एकदम सुबक. फक्त टोप्या बदललेल्या.

गिऱ्हाईक हैदराबादचं. त्यांचा माणूस आला, त्यानं चादर उलगडली, लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाला, "शेठ, अनार के सर पे पत्ता कायकू उगाये?"

मग कारखान्यात विचारपूस सुरू झाली.

मालकांनी पहिल्यांदा श्रीमंतमामांना विचारलं. हे मूळचे मोडनिंबचे, शेडचे जॉबर, म्हणजे मागांचे डॉक्टर. खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळे देवळातसुद्धा ओरडूनच बोलतात. "शेडकडनं ओके हाय मालक! वरनं जे आलं त्येच इणलं!"

मग पुण्याला फोन. डबा बसवून देणाऱ्या कंपनीत अभिमन्यू नावाचा माणूस आहे. त्याच्यासारखं बोलायचं तर खालचा ओठ हलवायचा नाही आणि प्रत्येक वाक्य हसून संपवायचं. "सर, ॲक्च्युली, आमच्याकडून ओके आहे. युनिटचे सगळे लाईट ग्रीन आहेत, सर."

मग आत्या. तिनं डब्यातलं डिझाईन उघडून पाहिलं. मुकुट डाळिंबावर, टोक पानाला. वायरी तपासल्या. शेडच्या संगणकावर डिझाईन एकदा मागवून पाहिलं, नीट आलं. "आमच्याकडून ओके आहे," ती म्हणाली.

आता राहिल्या कमलम्मा. त्याही म्हणाल्या की माझ्याकडून ओके आहे. पण त्यांचा नंबर शेवटचा होता, आणि तोवर सगळ्यांचे ओके वापरून झाले होते.

"डोळे तपासून घ्या, कमलम्मा," मालक म्हणाले. तेही शेडमध्ये, सगळ्यांसमोर.

"माझे डोळे? मला हितनं दिसतंय, तुमच्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेलंय."

मालकांनी खाली बघितलं. खरंच गेलं होतं. म्हणून ते जास्तच तापले. "मग चादरीत चुकलं कसं? आणि डब्यात आता बरोबर कसं? म्हणजे आधी चुकीचं खाली पाठवलं आणि मागनं गुपचूप दुरुस्त करून ठेवलं. हौदा?"

मालकांच्या घरी कन्नड बोलतात. 'हौदा' म्हणजे 'होय ना?'. पण मालकांच्या तोंडी तो प्रश्न नसतो. मनात ठरवून झालं की मगच त्यांच्या तोंडून हौदा निघतं.

कमलम्मांना डोळ्यांचं लागलं नाही. 'गुपचूप' लागलं. ह्या बाईनं पुठ्ठ्यांच्या काळापासून डिझाईनं काढली. एखादं पान वाकडं गेलं तर जिन्यातूनच ओरडत खाली यायच्या, "थांबवा रे, थांबवा! माझं चुकलं!" सगळा कारखाना ती हाक ओळखतो. त्यांना गुपचूप म्हणणं म्हणजे श्रीमंतमामांना हळू बोलणारा म्हणण्यासारखं आहे. मालकांनी तिथंच जाहीर केलं की पुढच्या सोमवारपासून डिझाईनं सुरतेहून तयार येतील आणि कमलम्मा घडी खात्यात बसतील, चादरींच्या घड्या घालायला.

वर गेल्यावर कमलम्मा आत्याच्या टेबलापाशी थांबल्या. "ए पोरी, तुझा डबा माझी डाळिंबं खातो. पण तू त्याची आई पडलीस. आपल्या लेकराला कोण बोलतंय?"

त्या संध्याकाळी आत्यानं थापलेल्या भाकरीला पहिल्यांदा कोपरे आले. "मी ओके म्हनले आनि त्या बाईचं टेबल गेलं," ती तव्याशी बोलत होती. "एकदा मागवून बगितलं. एकदाच! आनि लगेच ओके." भाकरी उलटली. "सोमवार यायच्या आत हे सापडलं पायजे. सापडलं पायजे म्हंजे सापडलंच पायजे." त्यानंतरचे दिवस ती घरी कमी आणि शेडमध्ये जास्त असायची. केसांत कापसाचे तंतू घेऊन यायची आणि जेवता जेवता एकदम "न्हाय, तसं न्हाय" असं कुणीच न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची.

पहिलं काम तिनं हे केलं: बिघडलेली चादर ज्या डिझाईनवरून विणली गेली, ती शेडच्या संगणकावरची प्रत काढली आणि डब्यातल्या प्रतीशेजारी ठेवली. दोन्ही निराळ्या होत्या. पण गंमत अशी की हुकूम एकही हरवला नव्हता, एकही वाढला नव्हता. एक तुकडा शेजारच्या जागी आणि शेजारचा ह्याच्या जागी, एवढंच.

ते घेऊन ती मालकांकडे गेली. मालक म्हणाले, "तेच तर म्हणतो मी. खाली चुकीचं गेलं, नंतर वर दुरुस्त केलं. तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केला, मायाक्का... मॅडम."

म्हणजे दोन प्रती दाखवून भागणार नव्हतं. बिघडताना पकडायला हवं होतं, आणि मालकांच्या डोळ्यांसमोर.

हे नेमकं कुठं बिघडू शकतं ते तिनं मला जेवताना समजावलं. डिझाईन वायरीवरून अख्खं जात नाही, तुकडे होऊन जातं. प्रत्येक तुकड्याबरोबर त्याच्यातल्या आकड्यांची बेरीज जाते. पलीकडं पोचल्यावर पुन्हा बेरीज करायची; जुळली तर तुकडा शाबूत. "पन दोन आनि पाच किती? सात. आनि पाच आनि दोन?" ती म्हणाली. "बेरजेला जागा बदललेली कळत न्हाय. बेरीज म्हनती, ओके."

"मग बाकी कुणी बघत नाही?"

"वाटेत प्रत्येक टप्प्यावर मोहर असती की. पन ती टप्प्यापुरती. दिवेवाली तुकडा घेती, जुनी मोहर बगती, काढून टाकती, तुकडा जरा येळ पोटात ठिवती आनि पुढं देताना नवी मोहर मारती. आता तुकडा तिच्या पोटातच बिघडला तर? बिघडलेल्या मालावर नवी कोरी मोहर. पुढचा बगतो, मोहर चांगली हाय. तोबी म्हनतो ओके."

म्हणजे सगळे खरं बोलत होते आणि चादर चुकत होती.

डब्यापासून थेट शेडच्या संगणकापर्यंत पाहणारी एक तपासणी असते. पाठवणारा तुकड्यावर एक खास खूण काढून देतो. ती खूण नुसती बेरीज नसते. आकड्यांची जागा बदलली की खूणही बदलते. मधल्या कुणाला ती पुसून नवी करता येत नाही. डबा आणि संगणक कामाला लागण्याआधी एकमेकांना विचारतात, खूण बघायची का? दोघंही नको म्हणाले की कुणीच बघत नाही. आत्यानं दुसऱ्या दिवशी सेटिंग उघडलं, तिथं ह्या खुणेचं नाव होतं 'डेटा डायजेस्ट', आणि पुण्याला फोन लावला. कमलम्मा शेजारच्या टेबलावर आपलं सामान आवरत होत्या.

"डेटा डायजेस्ट दोन्हीकडं बंद आहे," आत्या म्हणाली. "का?"

"मॅम, ॲक्च्युली, स्पीडसाठी ऑफ ठेवतो. तुमच्या सरांनीच सांगितलं होतं, माग थांबायला नकोत. बाकी आमच्याकडून ओके आहे, मॅम."

"तुमच्याकडनं ओके हाय. माझ्याकडनं ओके हाय. शेडकडनं ओके हाय." शेजारच्या खोलीतल्या हिशेबनीसानं मान वर केली, मॅडम 'हाय'वर आल्या होत्या. "मग डाळिंबाच्या डोक्यावर पान काय तुमच्या सासूनं ठिवलं?"

"मॅम, मी अनमॅरिड आहे, मॅम."

फोन ठेवल्यावर कमलम्मांनी विचारलं, "काय बंद आहे म्हणालीस?"

"डायजेस्ट."

"म्हणजे पचन?"

"इंग्रजीत तसंच म्हनतात, पन इथं..."

"बघ!" कमलम्मांनी हातातली पट्टी टेबलावर आपटली. "मी काय म्हटलं? डबा खातो म्हटलं. आता पुण्याहून कळलं, खातो आणि पचत पण नाही!" कितीतरी दिवसांनी त्या हसल्या. आणि हसताना डोळे पुसून घेतले.

खूण चालू करायची तर शेडचा संगणक थोडा वेळ डब्यापासून तोडून पुन्हा जोडावा लागतो. तेवढा वेळ माग बंद. मालकांना 'माग बंद' हे दोन शब्द ऐकवत नाहीत. "माझ्या वडलांच्या लग्नात माग चालू होते," ते म्हणाले.

"जेवायच्या सुट्टीत करते," आत्या म्हणाली.

"आणि त्यानं काय कळणार?"

आत्यानं समजवायला सुरुवात केली. "मालक, समजा पाण्यावर दोन कळप एकत्र झाले. मेंढरं परत निघाली. तुम्ही मोजली. सगळी भरली. म्हणून तुम्ही घरी आलात."

"माझ्याकडे मेंढरं नाहीत."

"समजा की."

"बरं, समजलो."

"पण तुमचं एक त्यांच्यात गेलं आणि त्यांचं एक तुमच्यात आलं. मोजून कळलं का?"

मालक बोटांवर मोजायला लागले. दारात उभे असलेले श्रीमंतमामा मात्र ओरडले, "आरं तिच्या! डोकी बरुबर, पर मेंढरू शेजाऱ्याचं! व्हय की वं! मोजून कुटं कळतंय, वळखाया पायजे! कानाची खून बगाया पायजे!"

"कानाची खूण बगायचीच बंद ठेवलीय आपण," आत्या म्हणाली. "स्पीडसाठी."

मालक एकदा हिच्याकडं, एकदा त्यांच्याकडं पाहत म्हणाले, "जेवायच्या सुट्टीत करा. सुट्टी संपली की माग चालू दिसले पाहिजेत."

शनिवारी जेवायच्या सुट्टीत आत्यानं दोन्हीकडची खूण चालू केली. पण बिघाड एकट्या मागावर कधीच येत नसे, हे तिला एव्हाना कळलं होतं. म्हणूनच तिनं पहिल्या वेळी मागवलेलं डिझाईन नीट आलं होतं. सगळे माग एकदम डिझाईन ओढायला लागले, दिवेवालीवर गर्दी झाली, की मगच टोप्या बदलायच्या. म्हणून सुट्टी संपल्यावर श्रीमंतमामांनी सगळे माग एकदम सोडले. शेडचा पत्रा थरथरायला लागला. संगणकासमोर आत्या, तिच्यामागं मालक. आणि मालकांच्या समोर, खुर्ची मुद्दाम शेडच्या मधोमध ओढून, मांडीवर सुपात सोलायचा लसूण घेऊन कमलम्मा.

"लसूण कशाला?" मालकांना ओरडूनच विचारावं लागलं.

"हात दिसू देत!" कमलम्मा पण ओरडल्या. "नंतर म्हणाल, म्हातारीनं गुपचूप काहीतरी केलं!"

आत्या डाळिंब पुन्हा पुन्हा मागवत राहिली. नीट आलं. नीट आलं. नीट आलं. कमलम्मांच्या सुपात पाकळ्यांचा ढीग झाला. मालकांनी घड्याळाकडं बघितलं, घसा साफ केला आणि त्यांच्या तोंडात 'हौदा'चा 'हौ' तयार झालेला सगळ्यांना दिसला.

तेवढ्यात पडद्यावर लाल ओळ आली. खूण जुळत नाही. तुकडा नाकारला. पुन्हा मागवला. एका मागाचा खडखडाट क्षणभर अडखळला आणि पुन्हा लयीत आला. आत्यानं मागाकडं बोट केलं. श्रीमंतमामा धावले, वाकले, आणि तिथूनच त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन मुकुट करून दाखवला. डाळिंब बरोबर उतरलं होतं. चुकलेला तुकडा दारातच पकडून परत पाठवला गेला होता.

मग दुसरी लाल ओळ आली. मग तिसरी.

कमलम्मांनी लसूण सोलायचं थांबवलं नाही. पण सालं सुपात पडायची ती आता बाहेर पडायला लागली.

"म्हणजे डबाच ना?" मालक म्हणाले.

"डबा का वाट, ते आता बगते." आत्यानं दिवेवालीला वगळून डबा आणि शेडचा संगणक एका लांब वायरीनं सरळ जोडला. लाल ओळ येईना. किती वाट पाहिली तरी येईना. पुन्हा दिवेवालीतून जोडला. लाल. मग तिनं श्रीमंतमामांचा स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला, संगणक सरळ वायरीवर ठेवून दिवेवाली भिंतीवरून उतरवली आणि झाकण काढलं.

आत मुंग्या होत्या. एक वाळलेला चिकट डाग होता, पिवळसर. झाकणाच्या फटीत कुंकू भरलं होतं. आणि कोपऱ्यात खोबऱ्याची एक छोटी ढलपी.

"हिच्यावर नारळ कुनी फोडला?"

श्रीमंतमामा आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. इतके हळू की त्यांना दोनदा सांगावं लागलं. "खंडेनवमीला... समद्या मागांची पूजा झाली. म्हनलं हिलाबी हळदीकुंकू लावावं. दिसभर डोळं मिचकावत उभी असती बिचारी. हिनं काय पाप केलंय?"

"कुंकवानं न्हाय बिघडली. पाणी आत गेलंय. नारळ कुनी फोडला?"

श्रीमंतमामा पत्र्याकडं बघायला लागले. कमलम्मांनी लसणाची पाकळी खाली ठेवली आणि थेट मालकांच्या शर्टाच्या बटणाकडं पाहिलं. खंडेनवमीचा पहिला नारळ कारखान्यात कोण फोडतं, हे सोलापुरात कुणालाही विचारावं लागत नाही.

"मी भिंतीच्या पट्टीवर फोडला," मालक म्हणाले. "पट्टी खाली आहे. पाणी जरासं उडालं असेल. जरासं."

"म्हणजे तुमच्याकडून ओके," कमलम्मा म्हणाल्या.

मालकांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. मग ते कमलम्मांच्या खुर्चीजवळ वाकले आणि खडखडाटात काहीतरी बोलले. त्यांचे ओठ तेवढे दिसले. कमलम्मांनी कानाला हात लावला. मालक आणखी वाकले. नवी पेटी आणू, तुम्ही सोमवारी वरच बसा, झालं गेलं विसरून जा, असं काहीसं ते होतं.

आत्या झाकण हातात घेऊन मधे येऊन उभी राहिली. "मालक, डोळे तपासा म्हणालात ते शेडमधे. गुपचूप म्हणालात तेबी शेडमधे. आता हे कानात सांगून भागत न्हाय."

"मॅडम, माग चालू आहेत. इथं कुणाला ऐकू जाणार?"

आत्यानं श्रीमंतमामांकडं पाहिलं. श्रीमंतमामांनी मालकांकडं पाहिलं. मालकांनी नको म्हणायला हात वर केला, पण हात पुरता वर जाईपर्यंत पहिला माग थांबला होता. मग शेजारचा. मग त्या रांगेतले सगळे. शेडमधला आवाज टप्प्याटप्प्यानं उतरत गेला आणि शेवटी फक्त वरचे पंखे ऐकू यायला लागले. मागांवरची माणसं आपापल्या जागेवरून वळून बघत होती. भर कामाच्या वेळी सगळे माग बंद पाहायची त्यांना सवय नव्हती आणि मालकांना तर त्याहून नव्हती.

"कमलम्मांचं डिझाईन बरोबर होतं," मालक म्हणाले. "चूक त्यांची नव्हती. त्यांनी गुपचूप काही केलं नाही. पेटी बिघडली होती."

"मागं पोचलं का?" आत्यानं शेवटच्या मागावरच्या माणसाला विचारलं. तो युवराज, करमाळ्याकडचा, एरवी दिवसभरात दोन शब्द बोलत नाही.

"पोचलं," तो म्हणाला. "कमलम्माचं बरुबर हुतं. पेटी बिघडली हुती."

"कशानं बिघडली?"

"त्ये न्हाय आलं."

"मालक," आत्या म्हणाली, "एक तुकडा पडला. पुन्हा पाठवा."

शेडभर हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. मालकांनी दीर्घ श्वास घेतला, शर्टाचं बटण चाचपलं. "नारळ मी फोडला," ते मोठ्यानं म्हणाले. "पाणी माझ्यामुळं आत गेलं."

"मिळालं!" युवराज मागून ओरडला.

कमलम्मा उठल्या. सूप काखेत घेतलं, पदरावरची सालं झटकली आणि जिन्याकडं निघाल्या. अर्ध्या जिन्यात थांबून वळल्या. "सुरतेला फोन कोण करणार?"

मालक त्यांच्या मागोमाग जिना चढले. तिथंच, कठड्याला हात लावून, त्यांनी फोन लावला आणि कमलम्मांनी खूण केल्यावर स्पीकरवर टाकला. पलीकडचा माणूस विचारत होता, "क्यूं शेठ, डिझाईन पसंद नहीं आया?" मालक काय म्हणाले ते मात्र शेडमध्ये कुणालाच कळलं नाही, कारण तोवर श्रीमंतमामांनी सगळे माग सोडले होते.